१९८९ची तीन पुस्तके: स्त्रियांचा इतिहास, दिल्ली आणि मराठी

१९८९ या एकाच वर्षी स्त्रियांच्या इतिहासावरची तीन महत्त्वाची पुस्तके आपल्या देशात निघाली. 'रीकास्टिंग विमेन' हा वसाहतकाळावरील निबंधांचा संग्रह आणि 'वुई वेअर मेकिंग हिस्टरी' हे तेलंगणच्या लढ्यातील स्त्रियांच्या आठवणींचे पुस्तक, ही दोन्ही इंग्रजीत, दिल्लीच्या 'काली फॉर विमेन' या प्रकाशनाने काढली. तिसरे मुंबईत, मराठीत निघाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी लिहिलेल्या त्या पुस्तकाचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील स्त्रियांचा सहभाग हा त्याचा विषय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाची नावे शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा दावा जवळजवळ एकच आहे. तरीही मराठी पुस्तक दिल्लीत, इंग्रजी अनुवादाच्या रूपाने पोहोचायला २००८ साल उजाडले. मधली १९ वर्षे कुठे गेली, हा या पाठाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना भारतात स्त्री-इतिहासलेखन कसे घडले, याचा बराचसा आलेख आपल्या हाती येतो.

दिल्लीतील पार्श्वभूमी

आधी दिल्लीत असे प्रकाशन उभे राहिले कसे, ते पाहू. भारत सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष फुलरेणू गुहा होत्या आणि सदस्य-सचिव म्हणून वीणा मजुमदार यांनी काम पाहिले. १९७४च्या अखेरीस आलेला या समितीचा 'टुवर्ड्स इक्वालिटी' हा अहवाल वाचून सुशिक्षित वर्ग हादरला. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या होत्या. राज्यघटनेने समानता दिली, शिक्षण वाढले, तेव्हा स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारत असणार, असे जे सर्वांनी गृहीत धरले होते, त्याला या आकड्याने तडा गेला. या अहवालातून पुढे संशोधनाची मोठी मागणी तयार झाली. १९८० मध्ये दिल्लीत 'सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज' ही संस्था सुरू झाली. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात भरली.

दुसरा धागा महाराष्ट्रातून दिल्लीला जातो. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. हा 'मथुरा खटला'. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. त्यावर १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार. त्यातले पहिले तिघे दिल्ली विद्यापीठातले होते, वसुधाताई पुण्याच्या. या पत्रातून देशभर निदर्शने झाली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्रके, भित्तिपत्रके, पुस्तिका यांचा त्या काळात पूर आला होता. पण पत्रक चार दिवसांत रद्दीत जाते. चळवळीत जे विचार मांडले जात होते, त्यांना पुस्तकाचे रूप द्यायला कोणी तयार नव्हते.

या गरजेतून उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ मध्ये दिल्लीत 'काली फॉर विमेन'ची स्थापना केली. स्त्रीवादी पुस्तकांनाच वाहिलेले हे भारतातले पहिले प्रकाशन मानले जाते. दोघींनाही प्रकाशन-व्यवसायाचा अनुभव होता. पुढे २००३ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. बुटालियांनी 'झुबान' काढले, मेनन यांनी 'विमेन अनलिमिटेड'. 'झुबान'चा अर्थ जीभ आणि भाषा असा दुहेरी आहे, हे येथे ध्यानात ठेवा. भाषेचा प्रश्न पुढे येणारच आहे.

दासी कुठे गेली?

'रीकास्टिंग विमेन'चे संपादन दिल्लीत इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या कुमकुम संगारी आणि सुदेश वैद यांनी केले. त्यातला सर्वांत जास्त वाचला गेलेला निबंधांपैकी एक मिरांडा हाउस महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या उमा चक्रवर्ती यांचा आहे. त्याचे नावच प्रश्नार्थक आहे: वेदकाळातल्या दासीचे काय झाले?

हा प्रश्न समजण्यासाठी एका मराठी माणसाचे पुस्तक माहीत हवे. अनंत सदाशिव आळतेकर हे मूळचे कोल्हापूरकडचे, बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक. प्राचीन हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानाविषयी त्यांनी १९३८ मध्ये इंग्रजीत लिहिलेले पुस्तक दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: वेदकाळात स्त्रीचे स्थान उच्च होते, तिला उपनयनाचा अधिकार होता, ती विदुषी होती, पुढे हळूहळू तिची अवनती झाली. आजही भाषणांतून गार्गी-मैत्रेयींची नावे येतात ती याच परंपरेतून. आळतेकर काही प्रतिगामी नव्हते. स्त्रियांचे अधिकार वाढावेत असेच त्यांना वाटत होते, आणि पुरावा गोळा करण्यात त्यांनी कसर केली नाही.

चक्रवर्ती यांचा आक्षेप पुराव्याच्या कमतरतेचा नाही. तो प्रश्नाच्या मांडणीवर आहे. 'स्त्रियांचे स्थान' असे एकवचनी मोजमाप घेतले, की मोजली जाते ती फक्त उच्चवर्णीय घरातली पत्नी. ऋग्वेदात दानाच्या वस्तूंमध्ये दासींचा उल्लेख येतो. त्या दासीचे स्थान उच्च होते का? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या टीकेला उत्तर देताना राष्ट्रवाद्यांना एक गौरवशाली आर्य स्त्री हवी होती. तिची घडण करताना दासी दृष्टीआड झाली. इतिहासाच्या परीक्षेत 'वैदिक काळात स्त्रियांचे स्थान उच्च होते, चर्चा करा' असा प्रश्न आला, तर उत्तराची सुरुवात 'कोणत्या स्त्रियांचे?' अशी करता येते, ती या निबंधामुळे.

पुढे १९९८ मध्ये चक्रवर्ती यांनी 'काली'साठीच पंडिता रमाबाईंवर ग्रंथ लिहिला. रमाबाईंच्या चरित्राआधी त्यांनी पेशवाईतील जातिव्यवस्था आणि विधवांचे जीवन यांची चर्चा केली आहे, कारण रमाबाईंचे बंड कशाविरुद्ध होते ते त्याशिवाय कळत नाही. मराठी मुलुखाचा हा इतिहास दिल्लीत, इंग्रजीत लिहिला गेला. मात्र येथे नायिका रमाबाई आहेत: संस्कृत पंडिता, ब्राह्मण कुळातल्या, स्वतः इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या. त्यांच्यापर्यंत पोहोचायला संशोधकाला कागद मिळतात. ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही त्यांचे काय?

दोन पुस्तके, दोन वाटा

हैदराबादच्या 'स्त्री शक्ती संघटना' या गटाने तोंडी इतिहासाची वाट धरली. तेलंगणचा सशस्त्र लढा १९४६ ते १९५१ या काळात झाला. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातही या काळाच्या आठवणी जिवंत आहेत. त्यात भाग घेतलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून गटाने १९८६ मध्ये तेलुगू पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ 'आपल्याला माहीत नसलेला आपला इतिहास' असा होतो. त्यात चाकली ऐलम्मा आहेत, मल्लू स्वराज्यम आहेत. लढा मागे घेतल्यावर 'आता घरी जा' असे ऐकावे लागल्याची बोचही आहे. तीन वर्षांत हे पुस्तक इंग्रजीत दिल्लीहून निघाले. त्या गटातच इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. पुस्तक भाषांतरित होण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागले नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्याजवळ अशी सोय नव्हती. पवार रत्नागिरी जिल्ह्यातल्या, मुंबईत नोकरी करून लिहिणाऱ्या कथाकार. 'आयदान' हे त्यांचे आत्मकथन नंतर, २००३ मध्ये आले. या दोघींनी आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या स्त्रिया शोधून काढल्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले आणि जुन्या नियतकालिकांतील वृत्तान्तांशी ते जुळवून पाहिले. पुस्तकाच्या एका भागात चळवळीचा इतिहास आहे, दुसऱ्या भागात एकेका स्त्रीची हकीकत.

त्यातून काय हाती लागले, ते नीट पाहू. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह पाठ्यपुस्तकात असतो. डिसेंबर १९२७ मध्ये तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि लुगडे नेसण्याची, दागिने घालण्याची जी पद्धत जातीची खूण म्हणून अंगावर लादली होती ती सोडा, असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी स्त्रिया घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. आज आपल्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. गावात परतल्यावर त्या नेसण्याचा जाब त्यांनाच द्यायचा होता, हे ध्यानात घेतले की ती किरकोळ राहत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातही स्त्रियांनी अटक करवून घेतली.

नागपूरच्या जाईबाई चौधरींची हकीकत अशीच. त्यांनी पोटासाठी हमाली केली, ओझी वाहिली. त्यातून शिकल्या आणि अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंचे नाव आज सर्वांना माहीत आहे आणि ते योग्यच आहे, पण त्यांच्यानंतर मुलींच्या शाळा कोणी चालवल्या याची यादी करायला बसलो तर जाईबाईंचे नाव किती जणांना आठवेल?

आणि २० जुलै १९४२. या दिवशी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. सुमारे २५,००० स्त्रिया उपस्थित होत्या, असे सांगितले जाते. परिषदेने ठराव केले: पत्नीला घटस्फोटाचा कायदेशीर अधिकार असावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, गिरण्या, विड्यांचे कारखाने, रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा आणि नुकसानभरपाई मिळावी, कामावर देखरेखीला स्त्रिया नेमाव्यात, कायदेमंडळांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात. यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्टला, मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. १९४२ म्हटले की ऑगस्टच आठवतो. जुलैची ही तारीख क्वचित कोणाला ठाऊक असते. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आणि एकपत्नीत्व ही तत्त्वे देशभर लागू केली ती १९५५ मध्ये. म्हणजे या स्त्रियांनी ते १३ वर्षे आधी मागितले होते.

एक बारकावा सांगायला हवा. महाराष्ट्रातल्या अनेक श्रमिक जातींत काडीमोड आणि पाट या रूढी पूर्वीपासून होत्या. नवऱ्यापासून वेगळे होणे तेथे अशक्य नव्हते. मग या स्त्रियांनी कायदेशीर अधिकार का मागितला? रूढीने मिळणारी सुटका बहुधा जातपंचायतीच्या हातात असते, आणि तेथे बसणारे पुरुष असतात. कायद्याने मिळालेला हक्क पंचायतीला विचारावा लागत नाही. उच्चवर्णीय सुधारकांच्या 'स्त्रियांचे प्रश्न' या यादीत विधवाविवाह, केशवपन, बालविवाह हे विषय आघाडीवर होते. नागपूरची यादी वेगळी आहे, कारण तिच्या मागचे जगणे वेगळे आहे.

शीर्षकातल्या 'ही'कडेही लक्ष द्या. 'आम्ही इतिहास घडवला' असे लेखिकांनी म्हटले नाही. 'आम्हीही' म्हटले. हा 'ही' कोणाला उद्देशून आहे? माझ्या वाचनाप्रमाणे तो दोघांना आहे. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात स्त्रिया 'मोठ्या संख्येने उपस्थित' असतात, पण त्यांना नावे नसतात. तो इतिहास लिहिणाऱ्या पुरुषांना हा 'ही' सुनावतो. आणि भारतीय स्त्रीमुक्तीचा इतिहास सुधारकांच्या घरांपासून सुरू करणाऱ्या स्त्रियांनाही तो सुनावतो.

मंडल आणि त्यानंतर

दिल्लीच्या स्त्रीवादी वर्तुळात जातीचा प्रश्न ऐरणीवर यायला १९९०ची घटना कारण ठरली. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि राजधानीत विद्यार्थ्यांची तीव्र आंदोलने झाली. त्यात काही महाविद्यालयीन मुली फलक घेऊन उभ्या होत्या: आम्हाला बेकार नवरे नकोत. उमा चक्रवर्ती यांनी जात आणि लिंगभाव यांवरील २००३च्या आपल्या पुस्तकात हाच प्रसंग विचारात घेतला आहे. आपला नवरा आपल्याच जातीचा असणार, ज्याला आरक्षण मिळेल तो आपला नवरा होणे शक्यच नाही, हे त्या मुलींनी न बोलता गृहीत धरले होते. लग्न जातीत होते, आणि जात लग्नामुळे टिकते, हा बाबासाहेबांनी १९१६ मध्ये मांडलेला विचार दिल्लीच्या रस्त्यावर फलकाच्या रूपाने उभा होता.

१९९५ मध्ये दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त गोपाळ गुरू यांचा लेख आला: दलित स्त्रिया वेगळे का बोलतात? १९९८ मध्ये पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी त्याच नियतकालिकात त्याला प्रतिसाद दिला. 'वेगळे बोलतात' एवढे मान्य करून बाकीच्यांनी मोकळे होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. वेगळेपण कौतुकाने मान्य करून आपला अभ्यास जसाच्या तसा चालू ठेवणे सोपे असते. दलित स्त्रीच्या स्थानावरून पाहिले तर सगळ्यांचाच इतिहास बदलतो आणि तसा तो बदलायला हवा, ही रेगे यांची भूमिका होती.

पुढे रेगे यांचे पुस्तक २००६ मध्ये दिल्लीच्या 'झुबान'ने काढले. शांताबाई कांबळे, बेबी कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार अशा मराठी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे निवडक भाग त्यात इंग्रजीत आले. २००८ मध्ये 'झुबान'नेच 'आम्हीही इतिहास घडवला'चा वंदना सोनाळकर यांनी केलेला, त्यांच्याच प्रस्तावनेसह अनुवाद प्रसिद्ध केला. पुस्तकाची १९ वर्षांची वाट येथे दिल्लीला पोहोचते.

या विलंबाचा दोष एका कोणावर टाकता येत नाही. छोट्या प्रकाशनाकडे पैसा कमी असतो आणि अनुवादाला वेळ लागतो. मराठी-इंग्रजी दोन्ही जाणणारे, शिवाय चळवळीची परिभाषा कळणारे लोक थोडे असतात. पण एवढ्याने स्पष्टीकरण पुरे होत नाही, कारण तेलुगू पुस्तकाला तीनच वर्षे लागली होती. कोणते पुस्तक 'तातडीचे' आहे हे ठरवणारा वाचक आधी तयार व्हावा लागतो. दिल्लीत तो वाचक मंडलनंतर हळूहळू तयार झाला. मराठीत मात्र तो आधीपासून होता. उशीर पुस्तकाला झाला नाही, दिल्लीला झाला, असे म्हणायला हरकत नाही.

असा विलंब नवा नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा छापली आणि इंग्रजीत तिचा पूर्ण अनुवाद १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांनी केला. या मानाने १९ वर्षे थोडी म्हणायची.

मौन कसे वाचावे

तोंडी साधने वापरताना एक अडचण कायम येते. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांविरुद्ध हिंसाचार झाला तेव्हा मदतकार्यात असलेल्या उर्वशी बुटालियांना वृद्ध माणसे सांगू लागली, की हे फाळणीसारखेच आहे. त्यातून त्यांनी फाळणीच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ते पुस्तक १९९८ मध्ये आले. त्याच वर्षी रितू मेनन आणि कमला भसीन यांचेही फाळणीतील स्त्रियांवरचे पुस्तक आले. घरात पुरुष असले की बायका बोलत नाहीत, किंवा बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नवरा देतो, हा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांना येतो. त्यात पळवलेल्या स्त्रियांबद्दल तर कुटुंबेच गप्प होती. १९४९च्या कायद्याने अशा स्त्रियांना 'परत मिळवण्याचे' अधिकार पोलिसांना दिले, पण तिला परत जायचे आहे का हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. अशा ठिकाणी बाई जे सांगत नाही तेही साधन असते. मात्र मौनात आपल्याला हवा तो अर्थ भरण्याचा मोह संशोधकाने आवरला पाहिजे.

मुलाखत कोणी घेतली, कोणत्या भाषेत, टिपण कोणी केले, संपादन किती झाले, हे प्रत्येक वेळी विचारावे. दिल्लीलगतच्या गुडगावातले एक उदाहरण सरावासाठी घ्या. बेबी हालदार या तेथे घरकाम करत होत्या. लग्न बाराव्या वर्षी झालेले, पदरात तीन मुले. ज्यांच्या घरी त्या कामाला होत्या ते प्रबोध कुमार हे मानववंशशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि प्रेमचंदांचे नातू. त्यांनी बेबींना वही-पेन दिले. बेबींनी आपले आयुष्य बंगालीत लिहिले. प्रबोध कुमारांनी त्याचे हिंदी भाषांतर केले आणि ते 'आलो आंधारि' या नावाने २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये इंग्रजी अनुवाद उर्वशी बुटालियांनी केला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात त्यातला भाग आहे, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी तो वाचलेला असेल. बेबींनी ज्या बंगालीत लिहिले, ते मूळ पुस्तक छापून आले २००४ मध्ये, हिंदी अनुवादानंतर दोन वर्षांनी.